जुन्या ॲम्प्लिफायरचा पॉट : आकडा जुळला म्हणजे भाग जुळला असे नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुना ॲम्प्लिफायर किंवा रिसीव्हर दुरुस्तीला गेला की ‘याचा व्हॉल्यूम कंट्रोल आता मिळत नाही’ असे सांगितले जाते आणि त्या यंत्राचा प्रवास तिथेच थांबतो. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत, आउटपुट ट्रान्झिस्टर शाबूत, पुढच्या पॅनेलवर ओरखडा नाही. तरी सगळे भंगारात जाते ते अंगठ्याएवढ्या एका भागापायी. तो भाग म्हणजे पोटेन्शिओमीटर, कारागिरांच्या बोलण्यातला ‘पॉट’ : नॉब फिरवला की आतल्या पट्टीवरून ‘वायपर’ नावाचा संपर्क सरकतो आणि रोध बदलतो. तो खरोखरच दुर्मीळ झाला आहे असेही प्रसंग येतात. पण पुष्कळदा शोध फसतो तो शोधणाऱ्याच्या हातात फक्त किलोओमचा आकडा असतो म्हणून. ‘पन्नास के द्या’ एवढ्या बळावर आणलेला पॉट बसतो, यंत्र सुरू होते, आणि मग नॉब जरा हलवला की आवाज अंगावर येतो किंवा लाउडनेसचे, म्हणजे हळू आवाजात बास भरून काढणारे, बटण मुके होते. दोष यंत्राच्या वयाला दिला जातो. हे टाळता येते. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी. पण हा विषय अर्धवट सांगितला तर उपयोगाचा नाही.

आधी पॉट बदलायची खरेच गरज आहे का, ते पाहावे. नॉब फिरवताना खरखर येते म्हणजे पॉट गेला, असे सरसकट धरले जाते. निम्म्या वेळा ती नुसती घाण असते : कार्बनच्या पट्टीवर बसलेली धूळ, वायपरच्या बोटांवर चढलेला गंज, घट्ट झालेले ग्रीस. यंत्राचा प्लग काढून, प्लग काढल्यावरही भारलेले राहणारे फिल्टर कॅपॅसिटर रिकामे करून, पॉटच्या पायांजवळच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरची नळी आत घालावी, एक छोटा फवारा मारावा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावा. क्लीनर पूर्ण उडून गेल्याशिवाय वीज देऊ नये. क्लीनर असा निवडावा की मागे पातळ वंगण राहील. कोरडा, जहाल क्लीनर पट्टी धुतो आणि सोबत बुशिंगमधले घट्ट ग्रीसही वाहून नेतो. मग नॉबची ती जड, मऊ फिरवण जाते ती परत येत नाही. गंजलेल्या बोल्टवर मारतात तो स्प्रे इथे मुळीच नको. त्याने दोन दिवस बरे वाटते, पुढे त्यावर धूळ धरते. पट्टी कंडक्टिव्ह प्लास्टिकची असेल तर कडक सॉल्व्हंट तिला इजा करू शकतात, तिथे सौम्य क्लीनरच वापरावा.

साफ करूनही खरखर राहिली तर मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून, यंत्र चालू असताना, पॉटच्या वरच्या, म्हणजे सिग्नल येतो त्या टोकाच्या, पायावर आणि वायपरवर ग्राउंडच्या तुलनेत किती व्होल्टेज आहे ते मोजावे. व्हॉल्व्हच्या यंत्रात हे करताना एक हात खिशात हवा, कारण जवळच तीनशे-चारशे व्होल्ट असतात. पॉटवर डीसी जवळपास शून्य हवा. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसला, तर बहुधा आधीच्या टप्प्याचा कपलिंग कॅपॅसिटर, म्हणजे सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा कॅपॅसिटर, गळतो आहे. वायपर पट्टीवरून सरकताना तो डीसी तुकड्यातुकड्याने पुढे जातो आणि खरखर ऐकू येते. अशा यंत्रात कोराकरकरीत पॉट घातला तरी तोही पहिल्या दिवसापासून खरखरतो. बदलायचा तो कॅपॅसिटर, पॉट नव्हे. किती चांगले मूळ पॉट या एका चुकीपायी कचऱ्यात गेले असतील!

पॉट खरेच गेला आहे हे त्याच्या वागण्यातून कळते. नॉब शून्यावर असतानाही आवाज राहत असेल तर ग्राउंडकडचा पाय पट्टीपासून सुटला आहे. ठरावीक एका जागी आवाज गायब होत असेल तर तिथली पट्टी झिजली आहे. खात्रीसाठी पॉट सर्किटमधून सोडवून मोजावा; बोर्डावर असताना आजूबाजूचे रेझिस्टर समांतर येतात आणि आकडा कमी दिसतो. दोन टोकांमधला रोध आधी मोजावा, मग एक टोक आणि वायपर यांच्यामध्ये मीटर लावून नॉब अगदी सावकाश फिरवावा. यासाठी काट्याचा जुना मीटर डिजिटलपेक्षा सरस, कारण काटा कुठे उडी मारतो ते डोळ्यांना दिसते. एकूण रोधात वीस टक्क्यांचा फरक कारखान्यातूनच मान्य असे. १०० किलोओमचा पॉट ८८ दाखवतो म्हणून त्याला बाद करू नये.

आता मुख्य मुद्दा, टेपर. नॉब फिरवताना रोध कोणत्या चालीने बदलतो, ते टेपर सांगतो. लिनियर पॉट अर्ध्यावर असताना निम्मा सिग्नल जातो, म्हणजे फक्त ६ डेसिबलची घट. कानाला ती फारशी जाणवत नाही. लॉग पॉटमध्ये मध्यावर १० ते २० टक्केच सिग्नल पुढे जातो. दहा टक्के म्हणजे २० डेसिबलची घट, आणि ती कानाला ‘मध्यम आवाज’ वाटते. म्हणून व्हॉल्यूमला लॉग हवा. तिथे लिनियर बसवला तर आवाजाचा सगळा चढउतार नॉबच्या पहिल्या थोड्याशा फिरवणीत कोंबला जातो आणि रात्री हळू आवाजात ऐकणे अशक्य होते. बास-ट्रेबलचे तसे नाही. इंग्रज अभियंते पीटर बॅक्सांडॉल यांनी १९५२ साली मांडलेल्या टोन सर्किटला लिनियर पॉट लागतो. त्याआधीच्या नुसत्या रेझिस्टर-कॅपॅसिटरच्या टोन सर्किटांना लॉग. कुठे काय आहे हे सर्किट पाहूनच ठरवावे.

पॉटवरच्या अक्षरावर विसंबू नये. जपानी भागांवर ‘ए’ म्हणजे लॉग आणि ‘बी’ म्हणजे लिनियर. जुन्या युरोपीय भागांवर ‘ए’ म्हणजे लिनियर. एकच अक्षर, अर्थ नेमका उलटा. ज्याला मीटर धरता येतो त्याने अक्षर विसरून मोजावे : शाफ्ट बरोबर मध्यावर आणावा, वायपरपासून दोन्ही टोकांचा रोध घ्यावा. दोन्ही सारखे, तर लिनियर. एक बाजू एकूण रोधाच्या दहा-वीस टक्के, तर लॉग. मात्र ती कमी रोधाची बाजू घड्याळाच्या उलट दिशेच्या टोकाची असावी. घड्याळाच्या दिशेच्या टोकाची निघाली तर तो उलटा लॉग. बाहेरचे दोन पाय अदलाबदल करून लॉगची दिशा फिरवता येईल असे काहींना वाटते. दिशा फिरते, पण चालही उलटी होते. आकड्यांचे सांगायचे तर ५०३ म्हणजे ५० किलोओम, १०४ म्हणजे १००, २५४ म्हणजे २५०. शेवटचा अंक पुढच्या शून्यांचा.

मग पाय मोजावेत. स्टिरिओच्या दुहेरी पॉटमध्ये एकाच शाफ्टवर दोन थर, म्हणजे प्रत्येक चॅनेलची वेगळी पट्टी आणि वायपर, असतात. साध्या पॉटला प्रत्येक थराला तीन पाय असतात. चौथा दिसला तर तो लाउडनेसचा टॅप, साधारणपणे चाळीस टक्के फिरवणीच्या आसपास पट्टीतून काढलेला. काही रिसीव्हरमध्ये असे दोन टॅप असतात. आवाज कमी केला की कानाला खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा जास्त झपाट्याने कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवले. त्याची भरपाई या टॅपला जोडलेले रेझिस्टर-कॅपॅसिटर करतात. टॅप नसलेला पॉट बसवला तर लाउडनेस बंद पडतो, बाकी यंत्र नीट चालते. ज्याला हे चालत असेल त्याने टॅपची तार उष्णतेने आकसणाऱ्या नळीत बंद करून बाजूला ठेवावी. ती वायपरला जोडून टाकण्याचा मोह आवरावा; मग भरपाई आवाजाच्या प्रत्येक पातळीला होत राहते.

बॅलन्सच्या पॉटमध्येही एक खोच आहे. जपानी रिसीव्हरमध्ये त्यावर बहुधा ‘एमएन’ अशी खूण असते. नॉब मध्यापासून एका बाजूला नेला की एका चॅनेलचा सिग्नल कमी होत जातो आणि दुसऱ्याचा तसाच पूर्ण राहतो, कारण त्या थराची अर्धी पट्टी जवळजवळ शून्य रोधाची केलेली असते. इथे साधा दुहेरी लिनियर बसवला तर नॉब मध्यावर असताना दोन्ही चॅनेल ६ डेसिबलने खाली जातात. आवाज कमी झाला म्हणून माणूस ॲम्प्लिफायर उघडतो आणि निरोगी ट्रान्झिस्टर बदलत बसतो.

आता अंगाची मापे. नॉब, पॅनेल आणि बोर्ड हे तिन्ही जुळले नाहीत तर विजेचे सगळे गुण वाया जातात. शाफ्ट ६ मिलिमीटरचा की पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ चा, हे व्हर्नियरने पाहावे; डोळ्याला फरक कळत नाही, पण ६ च्या शाफ्टवर पाव इंची नॉब डगमगतो. तिथे पातळ पितळी नळी घालता येते. उलट बाजूने हा उपाय चालत नाही. शाफ्टची लांबी पॅनेलला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून मोजावी. दातेरी शाफ्ट असेल तर दाते मोजावेत, १८ आणि २४ दात्यांचे नॉब एकमेकांना बसत नाहीत. एका बाजूने सपाट केलेला शाफ्ट असेल तर ती सपाटी पायांच्या तुलनेत कोणत्या कोनात आहे ते टिपावे. हे हमखास राहून जाते, आणि मग शून्यावर असलेल्या पॉटच्या नॉबची रेघ भलत्याच आकड्याकडे बोट दाखवते. बुशिंगचे आटे बहुधा ७ किंवा ९ मिलिमीटरचे, ०.७५ पिचचे असतात, किंवा तीन अष्टमांश इंचाचे. जुना नट नव्याला लागेल या भरवशावर राहू नये. बोर्डावरचा पॉट असेल तर पायांमधले आणि दोन थरांमधले अंतर, शिवाय मागे किती खोली मोकळी आहे, हेही लिहून ठेवावे. नॉब फिरवताना ‘टिक टिक’ लागत असेल तर तेही वैशिष्ट्य आहे. मध्यभागी एकच टिक, की वाटेभर ११, २१ किंवा ४१. सरकत्या पॉटसाठी शाफ्टऐवजी सरकण्याची लांबी आणि दोन स्क्रूंमधले अंतर पाहावे.

एवढी माहिती हातात आली की शोध सोपा होतो. पहिली जागा म्हणजे यंत्राचे सर्व्हिस मॅन्युअल. त्याच्या सुट्या भागांच्या यादीत पॉटला एक क्रमांक दिलेला असतो, आणि तोच क्रमांक त्या कंपनीच्या इतर मॉडेलांतही सापडतो. यंत्राच्या नावाने शोधण्यापेक्षा या क्रमांकाने शोधावे. दुसरे असे, की ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या पॉट स्वतः बनवत नसत. जपानी यंत्रांत ते आल्प्स, नोबल किंवा कॉसमॉसचे, अमेरिकी यंत्रांत सीटीएस, सेंट्रालॅब, क्लारोस्टॅटचे, युरोपीय यंत्रांत प्रेह, पिहेर वगैरेंचे. म्हणून अंगावर छापलेले निर्मात्याचे चिन्ह ओळखावे. अमेरिकी पॉटवरचा आकडा तर जन्मदाखलाच असतो : १३७ म्हणजे सीटीएस, १३४ म्हणजे सेंट्रालॅब, पुढे वर्ष आणि आठवडा. १३७७६१२ असे दिसले तर सीटीएसने १९७६ च्या बाराव्या आठवड्यात बनवलेला. यंत्र १९६८ चे असेल तर तो पॉट आधीच कोणीतरी बदललेला आहे, आणि त्याची नक्कल शोधणे म्हणजे कदाचित चुकीचीच नक्कल.

न वापरलेला जुना साठा मिळाला तर उत्तम, पण तो नवा आहे असे समजू नये. चाळीस-पन्नास वर्षांत ग्रीस दगड होते आणि रिव्हेट सैल होतात. घेण्यापूर्वी मोजावा. नव्या पॉटमध्ये निळ्या अंगाचा २७ मिलिमीटरचा आल्प्स व्हॉल्यूमसाठी चांगलाच आहे, मात्र त्याच्या नकला सर्रास विकल्या जातात. दुहेरी पॉटची खरी परीक्षा खालच्या टोकाला होते : नॉब एक पंचमांशावर ठेवून दोन्ही थरांचे वायपर ते ग्राउंड रोध मोजावेत. एक दुसऱ्याच्या दीडपट असेल तर डाव्या-उजव्या आवाजात साडेतीन डेसिबलचा फरक पडणार आणि हळू आवाजात गायक एका बाजूला सरकणार.

काहीच मिळाले नाही, तर जुनाच उघडावा. हा मार्ग जास्त लोकांनी वापरावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. पॉटचे कवच तीन-चार वाकवलेल्या पत्र्याच्या कानांनी धरलेले असते. ते पातळ स्क्रूड्रायव्हरने एकदाच सरळ करावेत. पुन्हा पुन्हा वाकवले तर तुटतात. थर सुटे करण्याआधी प्रत्येकाचा फोटो घ्यावा. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने हलकेच पुसावी, घासू नये. वायपरच्या बोटांवरचा काळा थर काढून, पट्टीवर ज्या वाटेने ती घासून घासून चर पडली आहे त्या वाटेपासून बोटे अर्धा मिलिमीटर आत किंवा बाहेर वळवावीत, म्हणजे ती कोऱ्या कार्बनवरून चालू लागतील. पाय आणि पट्टी जोडणारे रिव्हेट हलत असतील तर छोट्या पंचाने, खाली भक्कम आधार देऊन, हळूच ठोकावेत; अधूनमधून आवाज जाण्याचे कारण कितीदा तरी तिथेच असते. तिथे सोल्डर लावू नये, उष्णतेने कार्बन उखडतो. पट्टीच जळली असेल तर त्याच मालिकेतल्या दुसऱ्या पॉटचा थर काढून जुन्या शाफ्टवर चढवता येतो. शाफ्ट, बुशिंग, टिक आणि स्विच मूळचे राहतात आणि फक्त पट्टी परकी. दुर्मीळ पॉटवर याहून चांगला उपाय नाही.

पर्यायी मूल्य घालायचे असेल तर आधी हिशेब करावा. पॉटच्या आधी ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कॅपॅसिटर आणि ५०० किलोओमचा पॉट असेल तर खालच्या सुरांची मर्यादा ३ हर्ट्झच्या आसपास येते. तिथे ५० किलोओम घातला की ती ३२ हर्ट्झ होते, १० किलोओम घातला की १६० हर्ट्झ, आणि बास गेला म्हणून लोक स्पीकर बदलतात. उलट दिशेनेही मर्यादा आहे. ५०० किलोओमचा पॉट विजेच्या दृष्टीने मध्यावर असताना पुढच्या टप्प्याला १२५ किलोओमचा स्रोत-रोध दिसतो. त्या टप्प्याची इनपुट कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरली तर १२,७०० हर्ट्झच्या वरचे सूर घसरायला लागतात. म्हणून व्हॉल्यूमला मूळ मूल्याच्या आसपास, जास्तीत जास्त दुप्पट किंवा निम्म्यापर्यंतच फिरावे. टोनच्या पॉटला तेवढीही मोकळीक नाही.

लॉग मिळत नसेल आणि लिनियर हाताशी असेल तर वायपर आणि ग्राउंडमध्ये एक रेझिस्टर टाकून चाल वाकवता येते. १०० किलोओमच्या लिनियरला १५ किलोओम लावला की मध्यावर सुमारे १९ टक्के सिग्नल जातो, कामचलाऊ लॉग मिळतो, आणि लिनियर थर एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात हा वरचा फायदा. तोटा असा की पूर्ण आवाजावर आधीच्या टप्प्याला १०० ऐवजी १३ किलोओमचा भार दिसतो. ट्रान्झिस्टरचा एमिटर फॉलोअर किंवा ऑप-ॲम्प तो सहज सोसेल. व्हॉल्व्हच्या प्लेटवरून येणारा सिग्नल मात्र कोसळेल.

बसवताना शाफ्ट कापायचा असेल तर व्हाइसमध्ये शाफ्टचे फेकायचे टोक धरावे, अंग नव्हे, आणि पॉटला प्लास्टिक गुंडाळावे; पितळेचा एक कीस आत गेला तर नवा पॉट गेला. अंगावरचा न फिरू देणारा छोटा कान पॅनेलमधल्या भोकात बसत नसेल तर कापू नये, शक्यतो वेगळे भोक पाडावे. तो नसला की नट सैल होतो आणि पूर्ण पॉट फिरून तारा तुटतात. पायाला सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये. पॉटचे धातूचे कवच ग्राउंडला लागले आहे ना, ते मीटरने पाहावे. रंगवलेल्या पॅनेलवर ते सुटते आणि नॉबला हात लावला की हम येतो. मागे मेन्सचा स्विच असेल तर मूळच्याच व्होल्टेज-अँपिअरचा घ्यावा. नसेल तर स्विच वेगळा, योग्य दर्जाचा बसवावा. त्यात तडजोड नको. पहिल्यांदा वीज सिरीज बल्बमधून, म्हणजे करंट आटोक्यात ठेवण्यासाठी वाटेत जोडलेल्या बल्बमधून, द्यावी आणि स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवरचा डीसी पाहावा.

आतल्या बायसच्या प्रीसेटला, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरचा सिग्नल नसतानाचा करंट ठरवणाऱ्या छोट्या पॉटला, तर दुप्पट काळजी लागते. बायसच्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि कलेक्टरमध्ये असलेल्या प्रीसेटचा वायपर सुटला तर करंट बेफाम वाढतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर क्षणात जळतात. तिथे सरमेटचा, म्हणजे सिरॅमिक-धातूच्या पट्टीचा, प्रीसेट घ्यावा, वायपर मोकळ्या राहिलेल्या पायाला जोडावा म्हणजे संपर्क गेला तरी पूर्ण रोध उरतो, आणि जुन्याचा रोध मोजून नवा तेवढ्यावरच ठेवून सुरुवात करावी. स्पीकरच्या पाठीवरचा गोल नॉब मात्र बहुधा या कुळातला नसतो. तो असतो एल-पॅड, स्पीकरकडे जाणारी शक्ती कमी करणारा आणि वॉटमध्ये मोजायचा, आणि त्याच्या जागी साधा पॉट जळतो.

शेवटी एक विनंती. जुने यंत्र मोडीत काढणाऱ्यांनी पुढच्या पॅनेलमागचे पॉट तारा मुळाशी न कापता, दोन-तीन इंच शिल्लक ठेवून काढावेत, सोबत नट, वॉशर आणि नॉब ठेवावेत आणि पिशवीवर यंत्राचे नाव, मॉडेल व तो पॉट कुठला, व्हॉल्यूमचा की बॅलन्सचा, एवढे लिहावे. खूण नसलेला पॉट हातात आला तर वर लिहिलेले सगळे मोजमाप पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, आणि टॅप किंवा ‘एमएन’ पट्टीचा दुर्मीळ पॉट ‘बिघडलेला’ समजून फेकला जातो.

आपला नम्र,
जुनी ध्वनियंत्रे दुरुस्त करणारा एक वाचक